श्वास विसरलेला मेंदू

मागच्या वर्षी धानकापणीचे दिवस होते. दुपारच्या तासिका आटोपून मी विभागात बसलो असताना आमच्याच तालुक्यातील एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एक वर्ष शिकून पुढे कामासाठी एका मोठ्या शहरात गेला होता. गृहस्थांच्या हातात मोठा लिफाफा होता. "सर, तुमी मेंदूचं शिकवता म्हणते," असे म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला. मी मानसशास्त्र शिकवतो, डॉक्टर नव्हे, हे त्यांना सांगून पाहिले. परंतु एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तसेच परत पाठवणे जमले नाही. लिफाफ्यातून एम.आर.आय.च्या काळ्या फिल्म निघाल्या. आम्ही त्या खिडकीच्या उजेडात धरल्या.

हकीकत थोडक्यात अशी. मुलगा चार सोबत्यांसह एका खोलीत राहत असे. एका रात्री दारू झाली, आणि दारूबरोबर कुणीतरी आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या झाल्या. तो झोपला. रात्री फार जोरात, अडखळत घोरू लागला. सोबत्यांना त्याची गंमत वाटली. पहाटे घोरणे थांबले तेव्हा सर्वांना बरेच वाटले. सकाळी पाहतात तो ओठ काळेनिळे पडलेले आणि हलवून जाग नाही. रुग्णालयात कृत्रिम श्वासावर काही दिवस काढून तो वाचला. आता तो घरी आहे. आईबापांना ओळखतो, शाळेतल्या गुरुजींची नावे सांगतो, रोवणीची कामे त्याला आठवतात. पण तासाभरापूर्वी काय जेवला ते त्याला सांगता येत नाही, आणि एकच प्रश्न तो दिवसातून वीस वेळा विचारतो.

वडिलांनी फिल्मवर बोट ठेवून विचारले, "सर, थे गोळी यात कुठी दिसते जी?"

त्या दिवशी मला नीटसे उत्तर देता आले नाही. नंतर पुस्तके उघडली, नागपुरात क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राला गाठले, आणि जे समजले ते येथे मांडत आहे. प्रश्न एका बापाचा असला तरी आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी किती मुले नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात हे वाचकांना ठाऊकच आहे.

पहिली गोष्ट ही की त्या फिल्मवर गोळी दिसत नाही. ती कोणत्याच सी.टी. किंवा एम.आर.आय. फिल्मवर दिसत नाही. तेथे दिसतो तो श्वासाचा खंड: मेंदूला किती वेळ प्राणवायू मिळाला नाही आणि त्या वेळात त्याचा कोणता भाग आधी मेला, याचा नकाशा. हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

खसखशीच्या बोंडाला चिरा पाडल्या की जो चीक निघतो तो वाळवून अफू होते. खसखस आपल्या स्वयंपाकघरात असतेच, आणि तिची शेती आपल्याकडे नसली तरी शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने होते. या अफूतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील सेर्ट्युर्नर या औषधविक्रेत्याने मॉर्फिन वेगळे काढले. मॉर्फिनपासून बनवलेले हेरॉइन १८९८ मध्ये बायर कंपनीने चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. पुढे अफूशिवाय, प्रयोगशाळेतच, तिच्यासारखे काम करणारी द्रव्ये तयार झाली. ट्रॅमॅडॉल हे त्यातलेच, आणि मॉर्फिनपेक्षा सुमारे शंभरपट प्रभावी असलेले फेंटानिलही त्यातलेच. या सर्वांना आपण अफूजन्य औषधे म्हणू. त्यांना सरसकट विष म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील वेदना ज्यांनी घरात पाहिल्या आहेत त्यांना मॉर्फिनची किंमत विचारावी.

ही द्रव्ये मेंदूवर काम करतात कशी, हे १९७३ पर्यंत कुणाला नीट ठाऊक नव्हते. त्या वर्षी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की मेंदूतील चेतापेशींच्या पृष्ठभागावर अफूसाठी जणू राखून ठेवलेल्या जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. माणसाच्या मेंदूने खसखशीच्या चिकासाठी जागा का राखून ठेवावी? दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधील ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी याचे उत्तर दिले: मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो. दुखापत झालेला माणूस काही काळ वेदना विसरून धावू शकतो, त्यामागे हीच घरची अफू असते. बाहेरची अफू याच जागा बळकावते, आणि घरच्या अफूला असते तशी मापाची जाण तिला नसते.

हे ग्राही वेदनेच्या मार्गावर आहेत, सुखाच्या केंद्रात आहेत, आतड्यातही आहेत. म्हणूनच अफूने जुलाब थांबतात. पण ते आणखी एका ठिकाणी आहेत, आणि सगळा घात तेथे होतो. मेंदूच्या तळाशी, जेथे तो पाठीच्या मज्जारज्जूला जोडला जातो, तेथे मस्तिष्कपुच्छ नावाचा भाग आहे. त्यातील चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आपल्या श्वासाचा ताल धरतो. झोपेत, बेशुद्धीत, आपले लक्ष नसताना हा पुंजका दर मिनिटाला बारा-पंधरा वेळा 'घे' म्हणून आज्ञा सोडतो. रक्तात कर्बवायू वाढला की ही आज्ञा अधिक जोरात आणि लवकर सुटते. पाण्यात बुडी मारल्यावर जीव घाबरा होतो तो मुख्यतः या वाढत्या कर्बवायूमुळे. अफू या पुंजक्याला मंद करते आणि कर्बवायूचा इशाराही बधिर करते. श्वास मिनिटाला दहा होतो, मग सहा, मग तीन. आणि गुदमरल्याची जाणीव मात्र होत नाही. माणूस कसलीही धडपड न करता, शांतपणे, श्वास घ्यायचे विसरत जातो.

आपल्या भागातील माणसाला ही गोष्ट मण्यारीच्या उदाहरणाने लवकर कळेल. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. फारसे दुखत नाही, सूज येत नाही. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि हळूहळू छाती हलेनाशी होते. मण्यारीचे विष नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसते. मेंदू आतून 'घे, घे' म्हणून ओरडत असतो, पण छातीपर्यंत हुकूम पोहोचत नाही. अफूच्या विषबाधेत नेमके उलटे घडते: स्नायू ठीक, नस ठीक, पण हुकूम देणाराच झोपी गेलेला. मृत्यू मात्र दोन्हीकडे एकाच दाराने येतो, आणि अडवताही दोन्हीकडे एकाच रीतीने येतो. कुणीतरी त्याच्यासाठी श्वास चालवत राहिले पाहिजे. आमच्या गावाकडच्या एका शेतकऱ्याला मण्यार चावली होती, तेव्हा गाडीत बसलेल्या कर्मचाऱ्याने रुग्णालय येईपर्यंत श्वासाची रबरी पिशवी हाताने दाबत त्याला जिवंत आणले. तो आज धानाच्या बांधीत काम करतो आहे आणि त्याच्या मेंदूला काही झालेले नाही. विष अंगात असताना श्वास चालू राहिला, एवढाच फरक.

आता फिल्मकडे वळू. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शेकडा २, पण शरीर जो प्राणवायू वापरते त्यातला शेकडा २० एकटा मेंदू खातो, आणि साठवून ठेवत काहीच नाही. हृदय पुरते थांबले तर चारपाच मिनिटांत पेशी मरू लागतात. अफूच्या बाधेत सुरुवातीला हृदय चालू असते. रक्त फिरत असते, पण त्यातला प्राणवायू कमी कमी होत जातो. म्हणून येथे घात सावकाश होतो. अनेकदा तास-दोन तास हातात असतात. ही त्यातली आशेची गोष्ट, आणि रागाचीही.

सी.टी. स्कॅनचे यंत्र हौन्सफील्ड यांनी सिद्ध केले. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनजवळ एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र त्यांनी घेतले आणि १९७९ मध्ये त्यांना कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे चित्र क्ष-किरणांनी काढलेले असते. निरोगी मेंदूत बाहेरची करड्या द्रव्याची साल आणि आतले श्वेत द्रव्य यांत एक पुसट सीमारेषा दिसते. श्वास कोंडल्यानंतर पहिल्या काही तासांत सी.टी. चक्क चांगला दिसू शकतो. नातेवाइकांना 'स्कॅन नॉर्मल आहे' एवढेच कळते आणि ते देवापुढे नारळ फोडतात. एकदोन दिवसांनी मेंदू सुजतो, वळ्यांमधल्या चिरा बुजतात, करड्या-पांढऱ्यातली सीमारेषा पुसली जाते. तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

एम.आर.आय.ची दृष्टी याहून तीक्ष्ण आहे. तो क्ष-किरण वापरत नाही. प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या रेणूंना बोलते करतो. त्याची एक पद्धत पाण्याच्या हालचालीवर बेतलेली आहे, आणि ती समजायला पुस्तकापेक्षा आपल्या बांध्या बऱ्या. धुऱ्याला मुखे उघडी असली की पाणी या बांधीतून त्या बांधीत खेळत राहते. मुखे बुजली की ते एकेका बांधीत अडकून पडते. मेंदूची पेशी प्राणवायूच्या बळावर एक पंप चालवत असते आणि त्या पंपाने सोडियम सतत बाहेर टाकत असते. प्राणवायू संपला की पंप बंद पडतो, सोडियम आत शिरते, त्याच्या मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगते आणि पाणी तेथेच कोंडते. असे कोंडलेले पाणी या पद्धतीच्या फिल्मवर पांढरेशुभ्र चमकते. बापाने बोट ठेवले होते ते अशाच पांढऱ्या ठिपक्यांवर.

हे ठिपके कुठेही पडत नाहीत, आणि जाणकार डॉक्टर त्यांच्या जागांवरून काय घडले असावे ते वाचतात. मेंदूच्या मध्याशी दोन्ही बाजूंस ग्लोबस पॅलिडस नावाचे दोन गोळे आहेत. हालचालींवर त्यांचा ताबा असतो आणि प्राणवायूची त्यांची भूक मोठी असते. हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांच्या शवविच्छेदनात या गोळ्यांचा नाश अनेकदा आढळला आहे, आणि जिवंत रुग्णाच्या फिल्मवर ते दोन दिव्यांसारखे दिसतात. कोळशाच्या शेगडीच्या धुराने गुदमरलेल्या माणसातही नेमके हेच गोळे जातात. त्यामुळे केवळ फिल्म पाहून 'हे अफूनेच झाले' असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरी जागा म्हणजे मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रांची सरहद्द. घोडाझरीच्या कालव्यावर ज्यांची शेती अगदी टोकाला आहे त्यांना हे सांगायला नको. वर पाणी कमी सुटले की सगळ्यात आधी सुकते ती शेवटची बांधी. मेंदूतही दोन रक्तवाहिन्यांच्या टोकाटोकांमध्ये अशा शेवटच्या बांध्या आहेत. श्वासापाठोपाठ रक्तदाबही घसरला की त्या सुकतात, आणि फिल्मवर दोन्ही बाजूंस त्यांची पांढरी पट्टी उमटते.

तिसरी जागा त्या मुलाच्या बाबतीत महत्त्वाची ठरली. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या खोल घडीत, हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक अवयव असतो. आज घडलेली गोष्ट उद्यासाठी नोंदवून ठेवणे हे त्याचे काम. जुन्या आठवणी बहुतांशी दुसरीकडे साठलेल्या असतात, म्हणून शाळेतले गुरुजी आठवतात आणि दुपारचे जेवण आठवत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ ते २०१६ या काळात अचानक स्मृती गेलेल्या चौदा रुग्णांची नोंद झाली. सर्वांच्या फिल्मवर दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस चमकत होते आणि त्यांतील बहुतेकांच्या इतिहासात अफूजन्य द्रव्ये होती. तेथे फेंटानिलचा सुळसुळाट झाला होता तोच हा काळ. पुढे २०१९ मध्ये हिप्पोकॅम्पस, मधले गोळे आणि अनुमस्तिष्क हे तिन्ही एकदम सुजलेले रुग्ण डॉक्टरांनी वर्णन केले. हे केवळ प्राणवायूच्या अभावाने होते की औषधाचाही त्यात थेट हात असतो, यावर वाद चालू आहे. हिप्पोकॅम्पसवर अफूचे ग्राही भरपूर आहेत, एवढे मात्र खरे.

येथवर मी म्हणत आलो की फिल्मवर श्वासाचा खंड दिसतो, द्रव्य नव्हे. याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राला जवळचा आहे. १९८० च्या दशकात मुंबईत, आणि पाठोपाठ पुण्यात, 'ब्राऊन शुगर' शिरली. हे अशुद्ध हेरॉइन. मराठीत त्याला गर्द म्हणू लागले. चांदीसारख्या पन्नीवर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि नळीने धूर ओढायचा. चांगल्या घरची मुले महिन्या-दोन महिन्यांत वाळून काटकी झाली. डॉ. अनिल अवचटांनी या मुलांमध्ये बसून जे लिहिले ते 'गर्द' या पुस्तकात आहे. आपल्या पिढीच्या अनेकांनी ते वाचले असेल. त्यांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' सुरू झाले. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. मुक्तांगणचे काम चालूच आहे.

या गर्दच्या धुराचा एक वेगळा रोग १९८२ मध्ये हॉलंडमधल्या डॉक्टरांनी जगापुढे ठेवला. पन्नीवर तापवलेल्या हेरॉइनचा धूर ओढणारे ४७ रुग्ण. आधी बोलणे अडखळले, चाल डगमगली, मग हातपाय ताठरले. त्यांतले ११ दगावले. येथे श्वास थांबलेला नव्हता. नाश झाला होता तो श्वेत द्रव्याचा, म्हणजे पेशी-पेशींना जोडणाऱ्या तारांच्या वेष्टनाचा. या रुग्णांच्या चित्रांत अनुमस्तिष्कात आणि मेंदूच्या मागल्या भागात दोन्ही बाजूंस अगदी सारखी, जणू घडी घालून छापलेली, फुलपाखरासारखी आकृती दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तेथे स्पंजसारखी भोके आढळतात. धुरातले नेमके कोणते द्रव्य हे करते, ते हाती लागलेले नाही. सुई टोचण्यापेक्षा धूर बरा, असा एक समज व्यसनी मुलांत असतो. त्या समजाला या आकृतीचे उत्तर पुरेसे आहे.

आणखी एक विचित्र प्रकार आहे. माणूस विषबाधेतून वाचतो, हिंडूफिरू लागतो, घरी येतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि दोनतीन आठवड्यांनी तो गुमसुम होतो, कपडे घालायचे विसरतो, लघवीचे भान जाते. घरच्यांना वाटते भूतबाधा, नाहीतर पुन्हा व्यसन. एम.आर.आय. काढला तर मोठ्या मेंदूचे श्वेत द्रव्य सर्वत्र पांढरे पडलेले. प्राणवायूच्या अभावाचा हा उशिरा आलेला परिणाम होय. यातले काही रुग्ण महिन्यांनंतर बरेच सुधारतातही. म्हणून रुग्णालयातून सुटल्यावर महिनाभर तरी लक्ष ठेवावे, आणि असा बदल दिसल्यास मांत्रिकाकडे न जाता परत डॉक्टरांकडे जावे.

आपल्या जिल्ह्यात हे सारे कशाला, असे कुणी म्हणेल. आपले व्यसन म्हणजे खर्रा आणि मोहाची. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. आपली भांडणे दारूभोवतीच फिरली. हे खरे आहे. पण केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूजन्य द्रव्ये घेतात आणि त्यांतल्या ७७ लाखांना मदतीची गरज आहे. शिवाय औषधाच्या दुकानातल्या गोळीला व्यसन म्हणायला कुणी तयार नसते. ट्रॅमॅडॉल तर २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. आणि दारू ही या गोळ्यांची सख्खी बहीण आहे. तीही श्वासाच्या केंद्राला मंद करते. एकटी गोळी झेपली असती, एकटी दारूही झेपली असती. दोघी मिळून श्वास बंद पाडतात. त्या मुलाने घेतलेल्या गोळ्यांची संख्या ऐकून माझा वर्गमित्र म्हणाला, दारू नसती तर बहुधा तो सकाळी डोकेदुखी घेऊन उठला असता.

व्यसन सोडून आलेल्याचा धोका तर याहून मोठा. सवयीने मेंदूचे ग्राही निबर होतात, म्हणून व्यसनी माणूस आपल्याला मारून टाकील एवढी मात्रा पचवतो. काही आठवडे द्रव्य सुटले, मग ते उपचाराने असो की तुरुंगवासाने, की ही निबरता उतरते. तो बाहेर येऊन मोहाच्या एका संध्याकाळी पूर्वीचीच मात्रा घेतो आणि जातो. घरचे म्हणतात, त्याने जीव दिला. पुष्कळदा ते खरे नसते.

घोरण्याकडे परत येतो, कारण माझ्या मते त्या खोलीतली सगळी चूक तेथे झाली. आपल्याकडे झोपलेल्या माणसाला उठवू नये असा संस्कार आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देऊन कामावर जात. १९२० च्या दशकातील सरकारी पाहण्यांत ही प्रथा जवळजवळ घरोघर आढळली होती. बाळ शांत झोपले आहे, यातच त्या बिचारीला समाधान. पण अफूची झोप ही झोप नव्हे. जीभ मागे पडून अर्धवट अडलेला श्वास घोरण्यासारखा, गुरगुरल्यासारखा ऐकू येतो, आणि मध्ये मोठे खंड पडतात. बॅटरी मारून पाहावे: डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली असते. ओठ आणि नखे निळसर होतात. खांदा हलवून, छातीच्या हाडावर मुठीने घासून, नाव घेऊन ओरडूनही तो डोळे उघडत नसेल तर तो झोपलेला नाही.

अशा वेळी १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास थांबलाच असेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडाने श्वास द्यावा; नाडी लागत नसेल तर छाती दाबावी. पाणी पाजू नये, लिंबू चोखायला देऊ नये, उभे करून चालवण्याचा प्रयत्न करू नये. डॉक्टरांजवळ नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन असते. ते ग्राहीवरून अफूला ढकलून स्वतः ती जागा धरते आणि बंद पडलेला श्वास पाहता पाहता सुरू होतो. पण त्याचा अंमल तास-दीड तासाचा, आणि अंगातली अफू कधीकधी त्याहून अधिक टिकते. म्हणून 'उठला, बोलला' म्हणून लगेच घरी आणू नये. आणि काय घेतले होते ते डॉक्टरांना खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने सोबती गप्प बसतात हा नेहमीचा अनुभव. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४ अ मध्ये, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक असून त्याला पैसे पडत नाहीत.

यंत्रे आता पुष्कळ झाली. नागभीडहून नागपूर गाठले की मेंदूच्या आतले जे हवे ते पाहता येते. पण फिल्म निघते ती घटना घडून गेल्यावर. त्या मुलाच्या पहिल्या फिल्मवरील ठिपके त्या खोलीत पहाटेच उमटले होते. त्या वेळी खोलीत चार माणसे जागी किंवा अर्धवट जागी होती.

तीन महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. या खेपेस चेहरा उजळला होता. दुसरा एम.आर.आय. काढला होता. "सर, धब्बे गेले जी!" आम्ही परत खिडकीशी गेलो. खरेच, पांढरे ठिपके नव्हते. पण मला वर्गमित्राने आधीच बजावले होते. कोंडलेल्या पाण्याची ती चमक दीड-दोन आठवड्यांत आपोआप विझते. पेशी बरी झाली तरी विझते, आणि मेली तरी विझते. कोणते झाले ते शेजारच्या फिल्मवर पाहावे लागते. तेथे पूर्वी फुगलेला तो समुद्रघोडा आता बारीक झाला होता आणि त्याच्या भोवतीची पाण्याची जागा रुंदावली होती.

हे सांगायला मला बराच वेळ लागला. काही रुग्णांची स्मृती वर्ष-दीड वर्षात थोडीफार परतते, हेही सांगितले, कारण तेही खरे आहे. त्यांनी फिल्म लिफाफ्यात नीट घातल्या आणि विचारले, आता पुन्हा केव्हा काढायचा. मी म्हटले, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढू नका. मुलगा काय करतो, असे मी विचारले. ते म्हणाले, आईने त्याच्या खिशात एक वही ठेवली आहे. जेवला की तो लिहितो, बैल सोडले की लिहितो, आणि कुणी काही विचारले की आधी वही उघडून पाहतो.